इतिहास-संस्कृती शिकून आयुष्यात नेमकी काय भर पडते?

नोकरीचं सोडा, तुम्ही आयुष्याबद्दल विचारलंय म्हणून वीरगळाचं, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीत उभारलेल्या कोरीव दगडाचं उदाहरण देतो. आमच्या गावच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेला असा एक दगड आहे. लहानपणी आम्ही त्यावर चढून खेळायचो. मूर्तिशास्त्राची थोडी ओळख झाली आणि तो वाचता येऊ लागला. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो कीर्ती राहो. पायाशी गाई कोरलेल्या असतील, तर तो गावची गुरं राखताना मेला. राजा नव्हे, बहुधा कुणाचा तरी साधा मुलगा! हे कळलं त्या दिवशी मी दगडापाशी बराच वेळ बसून होतो.

बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर समुद्रातली लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. लोकलच्या गर्दीतून उतरून ती पाहिली, की मुंबईच वेगळी दिसते.

सुरुवात पुस्तकांपासूनच करायला हवी असं नाही. आधी आपल्या गावातले दगड नीट बघा, मात्र ते हलवू नका आणि त्यांवर रंग लावू नका.