चाकणहून ऑकलंडला येतोयस, सेफ्टीचं विचारलंस म्हणून

भावा, प्रेस शॉपमधून इकडे न्यूझीलंडला फॅब्रिकेटर म्हणून येतोयस आणि विचारतोयस, "तिकडे सेफ्टीचे कायदे कडक असतात ना, घरच्यांना तेवढंच सांगायचंय." फी, फॉर्म, मेडिकल सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी उगाळत नाही.

कायदा चांगलाच आहे. २०१० मध्ये पाइक रिव्हरच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, आत ३१ जण होते, त्यातले दोघंच बाहेर आले. त्यानंतर सगळं हललं, २०१५ चा नवा कायदा आला, एप्रिल २०१६ पासून लागू. मालकाला दंड झाला तर तो इन्शुरन्समधून भरता येत नाही, हे मला जाम आवडलेलं. कामावर लागलं तर एसीसी असतं, म्हणजे सरकारी अपघात विमा, व्हिसावरच्या माणसालासुद्धा, पगाराच्या ८० टक्के मिळतात, पहिला आठवडा मालक देतो. बदल्यात मालकावर भरपाईची केस टाकता येत नाही, हे एजंट सांगत नाहीत.

आणि जिवाला धोका वाटला तर काम थांबवायचा हक्क आहे, कायद्यातच लिहिलाय. इंडक्शनला, म्हणजे कामाला लागताना माहिती देतात तेव्हा, सांगितलं, मी मान डोलावली, सही ठोकली.

आता खरं सांगतो. दुसऱ्या वर्षी आमच्या प्रेस ब्रेकचा, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनचा, हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा म्हणून बायपास करून ठेवलेला, ऑर्डर अर्जंट होती. मला लगेच कळलं, कळणारच, चाकणला दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन बटणं असायची, त्यातल्या एकाला टेप मारूनच आपण पीस काढायचो ना. पण माझ्या व्हिसावर त्याच कंपनीचं नाव, दुसरीकडे जायचं तर परत अर्ज, परत थांबा, आणि पोरगी पुण्याला वर्गात पहिली यायची तिला इथं इंग्रजी येत नाही म्हणून सहा महिने वेगळ्या टेबलावर चित्रं रंगवायला बसवलेली (अजून डोक्यात जातं ते), आता कुठे रुळली होती, परत शाळा बदलायची? गप्प बसलो. रोज सकाळी टूलबॉक्स मीटिंगच्या, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टी मीटिंगच्या, कागदावर सही करत होतो, "काही धोका आहे का?" च्या पुढे "नाही".

तिसऱ्या दिवशी त्याच मशीनवर एका फिलिपिनो पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं, आधी लक्षात आलं होतं का? मी म्हटलं, नो. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

एकटेपणाचं विचारलंस, ते गणपतीत वाटतं, बाकी वेळ मिळत नाही.

ये तू, नक्की ये. पण पहिल्याच आठवड्यात कामगारांचा सेफ्टी प्रतिनिधी कोण आहे ते विचार, आणि काही धोका दिसला तर तारखेसकट वहीत लिहीत जा. सहा महिन्यांचा पगार बाजूला पडेपर्यंत गाडी घेऊ नकोस, हप्ता असला की तोंड उघडत नाही.

तो पोरगा आता दुसरीकडे फोर्कलिफ्ट चालवतो. सुपरमार्केटमध्ये भेटला की डावा हात पुढे करतो.