खोपोलीची लोकल पुढे का जात नाही?

प्रश्न: मी रोज खोपोलीहून कर्जत आणि तिथून गाडी बदलून ठाण्याला जाते, नऊ वर्षं झाली. आमचं स्टेशन म्हणजे रूळ संपले, समोर डोंगर, बास. पुण्याच्या सगळ्या गाड्या कर्जतच्या पुढच्या पळसदरी स्टेशनवरूनच घाटात घुसतात, आमच्याकडे कोणी फिरकतही नाही. सासरे म्हणतात पूर्वी पुण्याला खोपोलीवरूनच जायचे. मला वाटतं थापा मारतायत. आणि हा फाटा काढला कशाला, टाटांच्या पॉवरहाऊससाठी का? (एक वाचक, खोपोली)

उत्तर: ताई, आज घरी गेल्यावर आधी सासऱ्यांना एक कप चहा द्या. ते थापा मारत नाहीयेत. फक्त गाडी खोपोलीवरून घाट चढत नव्हती, माणसं चढत होती, एवढाच काय तो फरक.

झालं असं की बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत गेली आणि मे १८५६ मध्ये थेट खोपोलीला येऊन थांबली. इंग्रज तेव्हा कॅम्पूली लिहायचे, जुन्या इंग्रजी पुस्तकात ते नाव दिसलं तर ते तुमचंच गाव. म्हणजे खोपोली हा फाटा नव्हताच हो, ती मेन लाईन होती आणि तुमचं स्टेशन तिचं शेवटचं टोक. इथून मुंबईला गाडी सुरू झाली तेव्हा पुण्यात रेल्वेच नव्हती!

मग जून १८५८ मध्ये वरती खंडाळा ते पुणे लाईन सुरू झाली. खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मधे अख्खा बोरघाट रिकामा. त्यामुळे पुण्याला निघालेला माणूस मुंबईहून गाडीत बसायचा, खोपोलीला उतरायचा, मग ऐपतीप्रमाणे पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करायची, १८३० साली बांधलेल्या घाटरस्त्यानं वर खंडाळ्याला पोचायचं आणि तिथे परत गाडीत बसायचं. बाडबिस्तरा, पोरंबाळं सगळं घेऊन. १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं हे असंच चाललं. कर्जतला ब्रिज चढून गाडी पकडताना दम लागतो ना, तेव्हा त्यांची आठवण काढा.

आता खोपोलीवरूनच रूळ वर का नेले नाहीत, तर खंडाळा तुमच्या डोक्यावरच आहे आणि तीच अडचण. रेल्वेला सरळसोट चढ चालत नाही. बोरघाटात जास्तीत जास्त चढ ठेवला तो ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, आणि तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांना तेवढंही भारीच होतं. चढायचं होतं १८३१ फूट. गुणाकार करून बघा, कुठेही न थांबता चढत राहिलं तरी कमीत कमी १३ मैल रूळ लागतात! खोपोलीतून खंडाळा सरळ रेषेत इतकं जवळ की १३ मैल घालायचे कुठे? म्हणून इंजिनियर बर्कलेसाहेबानं पळसदरीपासूनच लाईन डावीकडे उचलली, डोंगराच्या सोंडेवर चढवली आणि फिरवत फिरवत वर नेली. जवळजवळ १६ मैल, २५ बोगदे. एवढं करूनही एका जागी जमेना, तिथे गाडी आधी डोंगराच्या टोकावर नेऊन उभी करायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा, अशी रिव्हर्सिंग स्टेशनची भानगड होती. अमृतांजन पूल आठवतो का, २०२० मध्ये पाडला तो? त्याच्या शेजारीच ही जागा. विजेची इंजिनं आली त्या सुमारास नवा मार्ग काढून ती बंद केली.

या कामातली एक गोष्ट मला राहून राहून आश्चर्याची वाटते. पहिल्या कंत्राटदारानं १८५९ ला काम सोडलं, दुसरा आला सॉलोमन ट्रेडवेल, तो इथे पोचल्यावर काही दिवसांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस परत जायच्या ऐवजी कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन बसली, हाताखाली दोन अनुभवी माणसं नेमली आणि घाट पुरा करून दिला. १८६० च्या आसपास, एक विधवा बाई, परक्या मुलखात! आणि घाटात हजारो मजूर राबले, कितीतरी साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मेले, त्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत. वाट दाखवणाऱ्या धनगराची, शिंग्रोबाची, गोष्ट लोक सांगतात आणि जुन्या हायवेवर त्याचं देऊळ आहे, पण ती लोककथा, इतिहास म्हणून घेऊ नका.

तर १८६३ ला घाटाची लाईन सुरू झाली, पुण्याच्या गाड्या पळसदरीवरून वर जायला लागल्या आणि खोपोली एका झटक्यात मेन लाईनवरून बाजूला पडली. फाटा कोणी काढला नाही, उरला.

टाटांचं म्हणाल तर खोपोलीचं वीजघर १९१५ चं, म्हणजे रेल्वेनंतर ५९ वर्षांनी. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपातून खाली सोडायचं तर पायथ्याचं गाव हवंच. त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांना वीज देणारं पॉवरहाऊस इथे आलं. ज्या उंचीनं रेल्वेला अडवलं तीच त्यांच्या कामाला आली.

प्रश्न: इंडिकेटरवर खोपोलीला केपी आणि कर्जतला एस का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: कल्याण, कर्जत, खोपोली, तिघांचंही इंग्रजी आद्याक्षर के. ते कल्याणनं पटकावलं, खोपोलीला केपी मिळालं आणि कर्जतच्या वाट्याला एस. दादरला नवीन माणूस के बघून कर्जतच्या आशेनं चढतो आणि कल्याणला सगळा डबा रिकामा झाला की मग शेजाऱ्याला विचारतो, पुढे जाते ना ही?