सत्तर दिवस, कोंबडीची तंगडी आणि नीटची बॅच

पत्र लातूरहून आलंय, एका वडिलांचं. थोडक्यात असं:

"माझं औषधांचं दुकान आहे. मुलगा बारावी सायन्सला, नीटच्या बॅचला. मागच्या सराव परीक्षेत ७२० पैकी ४१३. रात्री अकरानंतर त्याच्या खोलीत दिवा दिसायचा, आम्हाला वाटायचं अभ्यास चाललाय. निघाल्या दोन दोनशेपानी वह्या, कादंबरीने भरलेल्या. इजिप्त, ममी, कोल्ह्याच्या तोंडाचे देव, आणि काळात मागे जाणारा एक मुलगा. आता म्हणतो, मेडिकल नको, इजिप्तच्या इतिहासात करिअर करतो, नाहीतर लेखक होतो. कळस म्हणजे त्याच्या पलंगाखाली बरणीत कोंबडीची तंगडी सापडली, सोड्यात पुरलेली. त्याची आई दोन दिवस नीट जेवली नाही. तीन प्रकरणांचे फोटो पाठवतोय. त्याला सांगितलेलं नाही. याला कसं समजवावं?"

नमस्कार.

आधी भांडण. वहीचे फोटो त्याला न विचारता पाठवलेत, हे काही बरं केलं नाहीत. हे उत्तर त्याला दाखवायच्या आधी ते कबूल करा. सतरा वर्षांचा मुलगा बापाने मार्क विचारले तर एक वेळ माफ करेल, वही उघडलेली करणार नाही.

आता मीही ती वाचलीच आहे, तर बोलते. कल्पना चांगली आहे. लंडनच्या म्युझियममधला जॅक एका मडक्याचं झाकण उघडतो आणि थेट इजिप्तमधल्या ममी बनवणाऱ्यांच्या मांडवात जाऊन पडतो. तिथे एका राजपुत्राच्या शरीरातून हृदय चोरीला गेलंय. कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस त्याला बजावतो की सत्तर दिवसांत हृदय शोधून आण, नाहीतर तूही परत जाणार नाहीस. यातले सत्तर दिवस खरे आहेत, ममी पुरी व्हायला तेवढेच दिवस धरत. हृदयाचंही बरोबर आहे. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढून चार वेगळ्या बरण्यांत ठेवायचे, मेंदू नाकातून आकड्याने ओढून चक्क फेकून द्यायचे, पण हृदय आतच राहू द्यायचे. मेल्यावर ते सत्याची देवी मात हिच्या पिसासमोर तराजूत तोललं जाणार, लेखनाचा देव थोथ नोंद करणार, आणि जड भरलं तर मगरीच्या तोंडाची राक्षसीण अम्मित ते गिळणार. हृदयच नसेल तर तोलणार काय? कथेला घड्याळ लावायचं कसं हे पोराला कुणी न शिकवता कळलंय.

चुकाही आहेत. जॅक बाजारात सोन्याची नाणी मोजतो, पण फॅरोंच्या त्या काळात नाण्यांचा व्यवहारच नव्हता. मजुरी धान्यात मिळायची. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांना ते वेळेवर मिळालं नाही, म्हणून तिसऱ्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, त्यांनी काम थांबवून धरणं धरलं. नोंद असलेला जगातला पहिला संप तो हाच मानतात. कादंबरीत घालायचं तर हे घाल म्हणावं. दुसरी चूक मोठी. क्लिओपात्रा गच्चीतून खुफूच्या पिरॅमिडचं बांधकाम बघते. तो पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा, आणि ती वारली इ.स.पू. ३० मध्ये. पिरॅमिडपेक्षा ती आपल्याला जवळची आहे. काळप्रवासाच्या कादंबरीत काळच चुकवून कसं चालेल?

पण मी पाहत होते ते वेगळंच. अशा वह्या माझ्याकडे बऱ्याच येतात आणि मी त्यात एकच शोधते, की लिहिणारा रेंगाळतो कुठे. तुमच्या मुलाने अनुबिसशी झालेली मारामारी अर्ध्या पानात उरकलीय. पाठलाग दहा ओळींचा. आणि मांडवात पाऊल टाकल्यावर सलग सहा पानं! कुठली राळ कशासोबत पातळ करायची, तागाच्या पट्ट्यांची रुंदी किती, नॅट्रॉन भिजलं की त्याचा रंग कसा बदलतो. सहाव्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिलंय: "दिवस ०, ११८ ग्रॅम. दिवस ४, ९३. सोडा बदलला. दिवस ११, ७१. सोडा बदलला. दिवस २०, ६२. वास नाही."

साहेब, ही तुमची ती कोंबडीची तंगडी आहे.

नॅट्रॉन म्हणजे कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाच्या खोऱ्यात तळी आटून साठणारा क्षार. त्यात मुख्यतः धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, सोबत थोडं मीठ. सोडियमला आपण एनए लिहितो तेही नॅट्रिअमवरून, म्हणजे मुळात याच शब्दावरून. हा क्षार मांसातलं पाणी शोषून घेतो, आणि पाणी गेलं की जंतूंचं काही चालत नाही. तुमच्या मुलाने ते वाचलं, मग वाण्याकडून दोन्ही सोडे आणले, आणि वजन करायला तुमच्याच दुकानातला तराजू वापरला असणार. वीस दिवस नोंद ठेवली, सोडा दोनदा बदलला आणि "वास नाही" हेही टिपलं. त्याच्या आईचा धक्का मला समजतो, बरणीवर चिठ्ठी लावायला हवी होती. (आणि धुण्याचा सोडा उघड्या हाताने हाताळू नको म्हणावं, कातडी सोलते.) पण वर्षभर प्रॅक्टिकलचं जर्नल शेजारच्याचं बघून उतरवणारी मुलं मी रोज पाहते. या मुलाने पलंगाखाली स्वतःचं जर्नल ठेवलं.

४१३ ची फोडही तुम्ही पाठवलीत, पण बहुतेक एकूण बेरीजच बघितलीत. फिजिक्स ५८, बायोलॉजी २१४, केमिस्ट्री १८० पैकी १४१. या बेरजेवर सरकारी एमबीबीएसची जागा कठीण आहे, हे तुम्हाला दुकानात येणारे डॉक्टरही सांगतील. पण ज्या विषयाकडे तुम्ही लक्ष दिलं नाहीत, त्यात पोरगा उभा आहे.

आता त्याने काढलेल्या दोन वाटा. इजिप्तचा अभ्यासक व्हायचं तर पदवीसाठी बाहेर जावं लागतं. लिव्हरपूल, ऑक्सफर्ड, लायडन, कैरोतलं अमेरिकन विद्यापीठ. नुसत्या हायरोग्लिफ लिपीने भागत नाही. जुनी इजिप्शियन भाषा, तिचंच नंतरचं रूप कॉप्टिक, कामापुरती अरबी, आणि संशोधन वाचायला जर्मन आणि फ्रेंच. ज्याला भाषांचं वेड आहे त्याची ही वाट. तुमच्या मुलाच्या तीन प्रकरणांत जॅक इजिप्तच्या लोकांशी कुठल्या भाषेत बोलतो याचा प्रश्नच कुठे येत नाही, सगळे आपले मराठीत बोलतात. वेडाचा पत्ता दुसरीकडे आहे.

लेखक तर त्याने व्हावंच, पण पोट त्यावर ठेवू नये. धरून चाला, ३०० रुपयांची कादंबरी, हजाराची आवृत्ती, दहा टक्के मानधन आणि सगळ्या प्रती खपल्या. हातात ३०,००० रुपये, दोन-तीन वर्षांच्या कामाचे. जयंत नारळीकर खगोलशास्त्र करता करता लिहीत होते. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली तीसुद्धा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये. बक्षीस मिळालं ते कथेलाच.

मग तिसरी वाट, जी तुमच्या पत्रातही नाही आणि त्याच्या वहीत सहा पानं आहे. तिला कॉन्झर्व्हेशन म्हणतात, जुन्या वस्तूंचं जतन.

तुतनखामुनचं थडगं १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टरला सापडलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर आतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू सावरून बाहेर काढायला जवळजवळ दहा वर्षं लागली, ते फारसं कुणी सांगत नाही. त्या कामात आल्फ्रेड लुकास नावाचा इंग्रज रसायनतज्ज्ञ होता, इजिप्त सरकारच्या नोकरीतला. जवळच्याच एका राजाच्या, दुसऱ्या सेतीच्या, थडग्यात त्यांनी प्रयोगशाळा मांडली होती. मण्यांचे अलंकार होते, मणी शाबूत आणि दोरा कुजलेला. उचलायला गेलं की हातात नुसते मणी येणार. मग वितळवलेलं मेण ओतायचं, सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं, उचलायचं आणि पुन्हा ओवायचं. तुमच्या मुलाला हे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

हे काम आजही चालू आहे. इजिप्तमधल्या सक्काराला ममी बनवणाऱ्यांची एक कार्यशाळाच जमिनीखाली सापडली, त्यातल्या ३१ भांड्यांच्या तळाशी चिकटलेल्या थराचं रासायनिक पृथक्करण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. भांड्यांवर नावं लिहिलेली होती. 'अंतिउ' म्हणजे बोळ हा सुगंधी डिंक, असं अभ्यासक कित्येक वर्षं धरून चालले होते. तिथल्या भांड्यांत निघालं देवदाराचं आणि जुनिपर किंवा सायप्रसचं तेल, सोबत जनावराची चरबी. एक राळ तर आग्नेय आशियाच्या जंगलातली निघाली. कोशातला अर्थ बदलला तो रसायनवाल्यांनी.

आणि उलटंही होतं. २०१४ मध्ये कैरोच्या म्युझियममध्ये तुतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निखळली, तेव्हा कुणीतरी ती घाईघाईने इपॉक्सीने चिकटवून टाकली. पुढे जर्मनीहून तज्ज्ञ बोलावून तो गोंद काढावा लागला आणि दाढी मेणाने बसवली गेली. आपल्याकडेही तेच झालंय. १९२० ते १९२२ मध्ये निजामाने अजिंठ्याची चित्रं सावरायला दोन इटालियन कारागीर आणले होते. त्यांनी चित्रांवर लाखेचा थर दिला. कालांतराने तो पिवळा-तपकिरी पडला, आणि तो उतरवायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढे कित्येक वर्षं गेली. तुमच्यापासून अजिंठा एका दिवसाच्या गाडीवर आहे. तिकडे गेलात तर चित्रांबरोबर तो डागही बघा.

प्रत्यक्षात काय करायचं? मेमध्ये नीट होऊ दे, तयारी अर्धवट सोडायला लावू नका. सोबत एमएचटी-सीईटी द्यायला सांगा. एमबीबीएस नाही मिळालं तर माझी पहिली पसंती साधं, चांगल्या कॉलेजचं बी.एस्सी. केमिस्ट्री. तुम्हाला दुकानासाठी बी.फार्म. हवं असेल तर तेही चालेल, प्रयोगशाळेची सवय तिथेही लागते, फक्त पुढच्या प्रवेशाच्या अटी आधी वाचून घ्या. पदवीनंतर नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये कॉन्झर्व्हेशनचं एम.ए. आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. लखनौला जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, डेहराडूनला पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात स्वतंत्र जतन केंद्र. ममीच बघायची असेल तर बडोद्याच्या म्युझियममध्ये एक आहे.

पैशाचं स्पष्ट सांगते. सरकारी जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. सुरुवातीची वर्षं कंत्राटावर, प्रकल्पावर जातात. डॉक्टरचं घर पाच वर्षांत उभं राहत असेल तर याचं दहात राहील. पण केमिस्ट्रीची पदवी हातात असलेला मुलगा यात नाही जमलं तर औषध कंपनीच्या लॅबमध्ये जाऊ शकतो. नुसती इतिहासाची आवड हातात असलेल्याला ती सोय नसते. म्हणून सायन्स सोडू देऊ नका, एवढ्यापुरती मी तुमच्या बाजूने.

तुमच्या काळजीला मी हसत नाहीये. जुन्या इजिप्तमध्ये, चारेक हजार वर्षांपूर्वी, खेती नावाच्या एका बापाची शिकवण लिहिली गेली. मुलगा पेपी याला नावेतून लेखनिकांच्या शाळेत सोडायला जाताना हा बाप वाटेत एकेक धंदा मोडीत काढतो. तांबटाची बोटं मगरीच्या कातड्यासारखी, अंगाला माशाच्या गाबोळीपेक्षा जास्त वास. धोबी नदीकाठी कपडे धुतो, शेजारी मगर. कुंभार जिवंतपणीच मातीत. तात्पर्य काय, तर बाबा रे, लेखनिक हो, त्याच्यावर साहेब नसतो. गंमत अशी की हा मजकूर आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः शाळकरी पोरांनी उतरवलेल्या प्रतींतून, आणि त्या चुकांनी भरलेल्या आहेत. लक्ष कुठे होतं त्यांचं, देव जाणे.

शेवटची एक गोष्ट, ही त्याच्यासाठी. जॅक लंडनचाच का रे? पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे, जिथून मलमल आणि जाडंभरडं कापड गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सातवाहनांची दोन नाणी सापडलीत. हां, तो काळ रोमनांचा, तेव्हा मात्र नाणी होती. तुझ्या नायकाला मडकं मिळायला लंडनला कशाला जायला हवं? राजपुत्राची ममी तेवढी रोमन काळात आणावी लागेल, पण ममी तेव्हाही बनवत होते.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचं म्युझियम आहे, हस्तिदंती बाहुलीसाठी प्रसिद्ध. नीट झाली की बापलेक जाऊन या. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि त्याची वही त्याच्याच हातात राहू द्या.