भाड्याच्या फ्लॅटला डिजिटल लॉक: ३५ हजार घालावेत का?

प्रश्न: मी नाशिकला राहतो. पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, कोथरूडचा २२ हजारांना आणि वाकडचा १९ हजारांना. भाडेकरू साधारण दरवर्षी बदलतात, मधल्या काळात किल्ल्या एजंटकडे असतात. कोथरूडला सिलिंडरचं मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत आत बसवलेलं कुलूप) आहे, वाकडला जुनं नाईट लॅच. दोन्हीकडे डिजिटल लॉक बसवायचे ३५ हजार सांगितलेत. मुदत ठेव मोडू का?

उत्तर: काका, ठेव मोडू नका. तुमची काळजी रास्त आहे. तुमच्या घरांच्या किती किल्ल्या बाहेर फिरताहेत हे आज तुम्हीसुद्धा सांगू शकणार नाही, आणि खरा धोका तोच आहे. त्यावरचा उपाय मात्र बराच स्वस्त आहे.

मॉर्टिस लॉकमध्ये किल्ली जिथे जाते तो सिलिंडर वेगळा निघतो. दाराच्या कडेला पट्टीवर एक लांब स्क्रू असतो. तो काढायचा, किल्ली थोडी फिरवून धरायची, की सिलिंडर बाहेर येतो. नवा घातला की जुन्या सगळ्या किल्ल्या बाद. हँडल, पट्टी, दार, कशालाच हात लावावा लागत नाही. वाकडचं नाईट लॅच काढून तिथेही त्याच मापाचं मॉर्टिस लॉक बसवा आणि एक सिलिंडर जादा घेऊन ठेवा. कोथरूडचा भाडेकरू गेला की जादाचा तिथे बसवा; निघालेला पुढे वाकडला कामी येईल. फक्त कोणता कुठे गेला हे एजंटला कळू देऊ नका. चांगलं लॉक, सिलिंडर आणि सुताराची मजुरी धरून हे सहा-सात हजारांत बसायला हवं.

डिजिटल लॉकचा मोठा फायदा म्हणजे नाशिकहून कोड बदलता येणं. पण त्यासाठी सहसा घरात इंटरनेट लागतं, आणि ते भाडेकरूचं असतं. फ्लॅट रिकामा असेल तर तेही नाही, वर बॅटऱ्या उतरतात. शिवाय बहुतेक मॉडेलना आणीबाणीची साधी किल्ली असतेच, म्हणजे ती कोणाकडे हा प्रश्न उरतोच. रोजच्या भाड्याने घर देत असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

खर्चाने कर वाचेल असंही समजू नका. घरभाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. कुलपाचं बिल वेगळं दाखवता येत नाही.

विम्याकडे मात्र नीट बघा. तुमचे एसी, फ्रिज त्या घरांत असतील आणि घरफोडीचा विमा असेल, तर दार फोडल्याच्या खुणा सहसा दाव्यासाठी लागतात. डुप्लिकेट किल्लीने कोणी शांतपणे आत गेलं, तर दावा अडकू शकतो. म्हणून करार झाला त्याच दिवशी एजंटकडची किल्ली परत घ्या. दिलेल्या किल्ल्यांची संख्या करारात लिहा आणि एक जरी परत आली नाही तरी सिलिंडरचा खर्च अनामत रकमेतून कापला जाईल, असं कलम घाला. तुमच्याकडच्या किल्लीला फ्लॅट नंबर न लिहिता नुसती खूण करा.

आणखी एक, कारण मालक इथेच चुकतात. भाडं थकलं किंवा मुदत संपली म्हणून परस्पर कुलूप बदलू नका. प्रकरण उलट तुमच्यावर शेकेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि करारातल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्यासाठी करार नोंदणीकृत हवा.

हा सहा-सात हजारांचा खर्च दोन्ही घरांच्या पुढच्या भाड्यातून करा. ३५ हजार ठेवीतच राहू देत. एखादा फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला तर मेंटेनन्स आणि एजंटची दलाली त्यातून भागेल.