‘सगळ्यांची रांगायला लागली, आमचीच का नाही?’

पहिलं वर्ष सुरू असलेल्या बाळाचे आईबाबा समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ते बहुतेकदा दुसरंच काही सांगत. रात्रीची जाग्रणं, आपसातली चिडचिड, न मागता मिळणारे सल्ले. बोलता बोलता फोन बाहेर येतो. त्यात बाळाचे महिन्यामहिन्याचे फोटो असतात, आणि ते दाखवून झाले की खरा प्रश्न येतो. बरोबरीची सगळी बाळं रांगायला लागली, आमची का नाही? कधी रांगण्याच्या जागी बसणं असतं, कधी उभं राहणं, कधी बोलणं. सूर तोच. अलीकडे हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकते आहे की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

एका जोडप्याच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, त्यांच्याविषयी सांगते. बाळाला आपण चिऊ म्हणू.

चिऊ तेव्हा साडेदहा महिन्यांची होती. छान बसायची, बसल्या बसल्या बुडावर सरकत खोलीभर फिरायची, पण हात-गुडघ्यांवर येत नव्हती. तिच्या आईनं माझ्यापुढे फोन धरला. शेजारी आकड्याचं कार्ड ठेवून काढलेला दर महिन्याचा एक फोटो आणि त्याखाली चार ओळी: पहिलं हसू, मान धरली, पालथी पडली, बसायला लागली. नवव्या महिन्यावर फोटो थांबले होते.

‘‘दहाव्याचा?’’ मी विचारलं.

‘‘काढला होता. टाकला नाही. लिहायला काही नव्हतंच हो.’’

बाबा म्हणाला, ‘‘मॅडम, डॉक्टरांनी नीट तपासलंय. सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. हिला पटत नाही.’’

‘‘याला काळजीच नाही,’’ ती माझ्याकडे बघत म्हणाली. ‘‘ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारतं, रांगते का? उत्तर मला द्यावं लागतं.’’

डॉक्टरांनी तपासलं आहे का, हे मी नेहमीच आधी विचारते. बाळाच्या शरीराचा प्रश्न बालरोगतज्ज्ञांचा. तो बाजूला ठेवून मनाचं बोलायला बसणं मला मान्य नाही. इथे तपासणी झालेली होती, म्हणून पुढे जाता आलं.

माहिती मात्र मी दिली, कारण ती लोकांपर्यंत अर्धवट पोचते. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतल्या ८१६ निरोगी बाळांचा पाठपुरावा करून २००६ साली हालचालींचे कालावधी प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. स्वतःचं स्वतः चालणं ८.२ ते १७.६. म्हणजे एक बाळ आठव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सतराव्यात, तरी दोन्ही निरोगी. शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये बाळाच्या वाढीच्या टप्प्यांची आपली यादी सुधारली तेव्हा तिच्यातून रांगणं काढूनच टाकलं. आणि बुडावर सरकणारी बाळं बरेचदा जरा उशिरा चालतात, हे बालरोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक असतं.

बाबानं आकडे उतरवून घेतले. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आणि ती त्या चारांतली असली तर?’’

चारांतली असली तरी काही बिघडत नाही, हे मी नुकतंच सांगितलं होतं. तिच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. काळजी माहितीनं शमत नसेल तर ती माहितीच्या अभावातून आलेली नसते, असं मी मानते. मग मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. टप्पा कोणताही असो, मी तो विचारतेच आणि सहसा तो वाया जात नाही.

‘‘ही काळजी कधीपासून आहे?’’

‘‘पहिल्यापासूनच.’’

‘‘बसायला लागली तेव्हा होती?’’

ती थांबली. ‘‘तेव्हा नव्हती. सातव्यानंतर.’’

‘‘सातव्यानंतर काय झालं?’’

‘‘काहीच नाही. तेच तर. तेव्हापासून नवं काहीच झालं नाही.’’

मी तिथे जोर लावला नाही. एक वेगळीच गोष्ट मागितली. ‘‘जे व्हिडिओ तुम्ही कुणाला पाठवले नाहीत, ते आहेत का फोनमध्ये?’’

‘‘ते काय बघायचे? त्यात काही होतच नाही.’’

पुढच्या भेटीला तिनं त्यातला एक आणला. अर्ध्या मिनिटाचा असेल. चिऊ चादरीवर बसली आहे. समोर एक लाल कडी. फोनमागून आईचा आवाज येतोय, ‘‘ये चिऊ, इकडे ये, ये ना.’’ चिऊ पुढे झुकते, हात लांब करते. चौकटीबाहेरून बाबाचा हात येतो आणि कडी थोडी मागे ओढतो. चिऊ पुन्हा झुकते, कडी पुन्हा मागे. असं दोनतीनदा होतं. मग चिऊ हात खाली घेते. आवाजाच्या दिशेनं वर बघते. तिथे फोन आहे. क्षणभर त्याच्याकडे बघून मान वळवते आणि बाबाकडे बघते, मग कडीकडे, मग परत बाबाकडे. इवलंसं बोट कडीकडे रोखते आणि ठसक्यात म्हणते, ‘‘अं!’’ बाबाचा हात कडीकडे जातो. आईचा आवाज येतो, ‘‘देऊ नको रे, येऊ दे तिला.’’ व्हिडिओ संपतो.

‘‘बघा, नाही आली,’’ आई म्हणाली.

मी आवाज बंद करून तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. ‘‘चिऊ काय करत नाही ते आपल्याला कळलं. आता ती काय करतेय तेवढंच सांगा.’’

आवाज नसल्यावर ‘ये ना’ ऐकू येत नाही, चिऊच दिसते. बाबाच आधी बोलला. ‘‘ती मला सांगतेय. कडी दे म्हणून सांगतेय ती मला!’’

ती खरंच सांगत होती. वस्तूकडे बघायचं, माणसाकडे बघायचं, पुन्हा वस्तूकडे बघायचं आणि बोटानं दोघांना जोडायचं. मी जे बघते आहे ते तूही बघ, ही एवढी मोठी गोष्ट बाळ शब्दांशिवाय करतं. नऊ-दहा महिन्यांपासून वर्षाच्या आगेमागे हे उमलतं आणि पुढची भाषा त्याच्यावर उभी राहते. हे व्हायला समोर माणूस लागतो, आणि आपण दाखवलं तर तो बघेल असा भरवसा लागतो. तो भरवसा या दोघांनी दहा महिने तिच्या प्रत्येक हुंकाराला ओ देऊन कमावला होता. पाठवण्याजोगं काही नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या व्हिडिओत ते सगळं होतं.

‘‘म्हणजे यात ती पुढे आहे?’’ बाबानं पटकन विचारलं.

मी हो म्हणाले नाही. म्हणाले असते तर दोघं खूश होऊन गेले असते, आणि महिन्याभरात दुसऱ्या कशासाठी तरी घाबरून परत आले असते. मी म्हणाले, ‘‘यात ती तुमच्याबरोबर आहे.’’

आई काही बोलत नव्हती. तिनं व्हिडिओ स्वतःच मागे नेला आणि एका जागी थांबवला. चिऊ वर बघते त्या जागी.

‘‘तिनं आधी माझ्याकडे बघितलं ना?’’

‘‘हो.’’

मग तिला रडू आलं. रडता रडता तिनं सांगितलं की चिऊला सात महिने पूर्ण झाले आणि ती कामावर परत रुजू झाली. बसायला लागली ती आईच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर जे काही होणार होतं ते ती घरात नसताना होणार होतं. ‘‘ती रांगली असती ना मॅडम, तर माझ्या जाण्यानं तिचं काही अडलं नाही असं मला म्हणता आलं असतं. सगळ्यांना सांगता आलं असतं.’’

बाबाला हे ठाऊक नव्हतं. त्यानं ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की तिला वाटायचं, याला माझी सल कळत नाही. आणि त्याला वाटायचं, मी कितीही धीर दिला तरी हिला पुरत नाही. भांडण रांगण्यावरून चालायचं. ‘‘मला वाटायचं तुला तिचीच काळजी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझं काय चाललंय ते मी विचारलंच नाही.’’ मी त्या वेळी गप्प राहिले. अशा क्षणी समुपदेशकानं मध्ये पडू नये.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक माझ्या कामाचा पाया आहेत. बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघतं तेव्हा त्याला काय दिसतं, असा प्रश्न त्यांनी १९६७ मध्ये मांडला. त्यांचं उत्तर असं, की बाळाला तिथे स्वतःच दिसतं. आई त्याच्याकडे जशी बघते तसं ते स्वतःला ओळखू लागतं. ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पनाही त्यांचीच. आईनं चुकारपणा केला तरी चालतो, असा तिचा अर्थ नाही. बाळाच्या गरजेला जवळपास पूर्ण जुळवून घेणारी आई हळूहळू, त्याला सोसेल इतकीच, कमी पडू लागते, आणि त्या कमी पडण्यातूनच बाळाला जग कळतं. कामावर जाऊन संध्याकाळी परतणारी आई या वर्णनात सहज बसते. मी चिऊच्या आईला विनिकॉट समजावून सांगितले नाहीत. मनात ते होते, म्हणून मी न पाठवलेले व्हिडिओ मागितले. कॅमेरा बाळाकडे बघत असताना बाळ कुणाकडे बघतंय, हे मला पाहायचं होतं.

त्यानंतर आम्ही ठरवलेल्या गोष्टी साध्या होत्या. कडी मागे ओढणं बंद. चिऊनं बोट दाखवलं की तिकडे बघायचं, त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि देण्यासारखी असेल तर द्यायची. जमिनीवर मोकळं खेळायला भरपूर वेळ. बाबानं वॉकर आणायचं ठरवलं होतं, तो बेत मी डॉक्टरांशी बोलून रद्द करायला सांगितला. वॉकरनं चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडानं २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. संध्याकाळी आई घरी आली की पहिला अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत.

फोटो पाठवणं बंद करा, असं मी म्हणाले नाही, कुणालाच म्हणत नाही. आनंद वाटावासा वाटणं ही निरोगी गोष्ट आहे, आणि बाळाच्या आईबाबांना कौतुकाची गरज असते. पण नवी गोष्ट पहिल्यांदा होत असेल तेव्हा दोघांपैकी एकाचे तरी हात रिकामे असावेत आणि चेहरा बाळाला दिसावा. पाठवायचं ते दुसऱ्या दिवशी पाठवलं तरी चालतं. एका रात्रीनंतर आपण हे आनंदानं पाठवतोय की उत्तरादाखल, हे बरंच स्पष्ट होतं. आणि फोटोत न मावणारंही लिहून ठेवा. अनोळखी माणूस दिसल्यावर तुमच्या खांद्यात तोंड लपवणं, रुमालाखाली लपवलेली वस्तू शोधणं, चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकून तुमच्याकडे बघणं, स्वतःच्या तोंडातला घास तुम्हाला भरवणं. पहिल्या वर्षातली ही फार मोठी कामं आहेत.

कुणाला पाठवायचं हेही ठरवा. अंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो, पूर्ण जन्मतारीख, रोजच्या जागा ओळखू येतील असे तपशील मोठ्या ग्रुपवर नकोत. ते फोटो तिचे आहेत, मोठी झाल्यावर तिला त्याबद्दल मत असणार आहे. ज्या ग्रुपमुळे पोटात गोळा येतो तो काही दिवस बंद ठेवला तर कुणाचा अपमान होत नाही. ‘रांगते का?’ याला ‘नाही, सरकते, आणि मजेत आहे’ एवढं उत्तर पुरेसं आहे. पुढचं स्पष्टीकरण तुम्ही कुणालाही देणं लागत नाही.

मात्र ‘प्रत्येकाचा वेग वेगळा’ म्हणून थांबून राहू नये अशा खुणा असतात. तीन महिने उलटूनही बाळ चेहऱ्याकडे बघून हसत नसेल, पाचव्या महिन्यापर्यंत मान धरत नसेल, नऊ महिने होऊन गेले तरी आधाराशिवाय बसत नसेल. वर्षाचं झालं तरी बडबड, टाटा, बोट दाखवणं यांतलं काहीच नसेल, हाकेला वळत नसेल. शरीराची एकच बाजू वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल. दीड वर्षापर्यंत चालत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. येत असलेली गोष्ट येईनाशी झाली तर वय कितीही असो, लगेच जा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर त्याचं वय अपेक्षित तारखेपासून मोजा, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत.

आणि स्वतःकडेही बघा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर ते बोला, आणि हा शेवटचा विचार आला तर त्याच दिवशी. बाळंतपणानंतरचं नैराश्य वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं, ते वडिलांनाही होतं आणि उपचारांनी बरं होतं. चिऊच्या आईच्या बाबतीत मी त्याची चौकशी केली होती. तिला ते नव्हतं, सल होती.

चिऊ हात-गुडघ्यांवर कधीच रांगली नाही. तेराव्या महिन्यात धरून उभी राहिली आणि साडेपंधराव्यात चालली. दहाव्या महिन्याचा फोटो आईनं वाढदिवसानंतर केव्हातरी घरच्या चारपाच माणसांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘या महिन्यात चिऊ बोट दाखवून मागायला लागली.’’ ती चालायला लागल्याचं मला फोनवर सांगताना तिला मुळात विचारायचं होतं भलतंच: चिऊ आता सकाळी तिला दारातून सोडत नाही, पायाला मिठी मारून रडते, तेव्हा गुपचूप निघून जावं का? नको, असं मी सांगितलं. तिला सांगून, हात हलवून, रडली तरी निरोप घेऊनच निघा. बाकीचं बोलायला ते दोघं पुढच्या आठवड्यात येत आहेत.