केमो चालू असलेल्या मुलाच्या घरी पाहुण्यांना कसे थांबवावे?

आपल्या पुतण्याची केमो चालू आहे, काउंट (रक्तपेशींचे प्रमाण) खाली गेले आहेत आणि तरीही भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबत नाही. त्यांना न दुखावता कसे रोखावे, असे आपण विचारले आहे. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात मी बरीच वर्षे परिचारिका होते. माझे मत स्पष्ट आहे: घरच्यांना जंतुसंसर्ग टाळायला शिकवताना आईपासून नव्हे, आजीपासून सुरुवात करावी.

आमच्याकडे डिस्चार्जच्या दिवशी आईच्या हाती घरी घ्यायच्या काळजीचे छापील पत्रक देऊन सही घेतली, की शिकवण्याचे काम झाले असे वरिष्ठ मानत. कळव्याच्या एका मुलाच्या आईला ते पत्रक तोंडपाठ होते, परंतु घरात शब्द चालायचा तो सासूबाईंचा, आणि पूजेचे पंचामृत नातवाला दिल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. मी त्यांना बेसिनपाशी नेऊन हात धुवायला सांगितले. बोटांची टोके ओली झाली. अंगठे आणि बांगड्यांखालचे मनगट कोरडेच राहिले. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली असताना कच्च्या दुधातले जंतू या मुलाला किती महागात पडतील, हे समजावल्यावर त्यांनी आपणहून बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि पुन्हा साबण मागितला. पुढे सर्दी झालेल्या सख्ख्या जावयालाही त्यांनी दारातून परत पाठवले. ‘अशिक्षित बाईवर एवढा वेळ कशाला?’ हे वरिष्ठांचे वाक्य मला आजही सलते.

घरातील प्रत्येकाने शिकायलाच हव्यात अशा काही गोष्टी आहेत. ताप 100.4 अंश फॅरनहाइट झाला, की मध्यरात्र असली तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने ताप झाकला जातो, आणि गुदद्वारातून तापमान कधीही मोजू नये. धाकट्या भावंडाला तोंडावाटे पोलिओचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यातील जिवंत विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला, तर त्याच दिवशी कळवावे. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडत असतील, तर धुळीतील बुरशीपासून जपण्यासाठी खिडक्या बंद ठेवाव्यात. अर्थात तापाची मर्यादा उपचारांनुसार थोडी बदलते, म्हणून आपल्या डॉक्टरांकडून ती लिहून घ्यावी.

पाहुण्यांना आपण स्वतः अडवू नये. ते काम आजींवर सोपवावे. पुढच्या वेळी रुग्णालयाने पत्रक पुढे केले, तर आजींना शेजारी बसवून, त्यांच्याकडून हात धुवून घेतल्याखेरीज सही करू नये, परिचारिका कितीही घाईत असली तरी.