पुन्हा गायचंय? आधी पट्टी उतरवा

ताई, लग्नाआधी देवळाच्या उत्सवात नाट्यपदं गायचात, शाळेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा गायला बसायचंय, पण तार षड्जाला (वरच्या सा ला) आवाज फाटतो आणि लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यात फोंड्याकडच्या भजनांत पेटीवर बसतो, त्यावरून सांगतो.

तुम्ही अजून काळी चारच धरून बसलाय, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा. पाळी गेल्यावर बायकांचा आवाज बहुधा जाड होतो, खाली येतो. काळी तीन करून बघा, तरी ओढाताण झाली तर काळी दोन. वरचं थोडं गेलं तरी खालचं मिळतं. सकाळी मंद्र पंचम (खालचा प) न रेटता धरलात की कळेल. तबलजी कुरकुरेल, काळी दोनचा तबला नाही म्हणून. त्याला काळी चारचाच आणायला सांगा, तो तुमच्या मध्यमात (काळी दोनच्या म ला) लागतो. फक्त त्या दिवशी यमन राग नको, त्यात तीव्र मध्यम असतो, तिथे तबल्याचा शुद्ध मध्यम खुपेल.

बैठकीची घाई करू नका, आधी भजनात शिरा. श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह असतो, गावोगावच्या देवळांत भजनं चालू असतात, कला अकादमीच्या भजन स्पर्धेसाठी महिलांची पथकं तालमी करतात. तुम्ही ओळ म्हटली की टाळकरी ती उचलतात, तेवढ्यात दम घेता येतो आणि पुढचे शब्दही आठवून होतात (आमच्या वयाला हे दुसरं जास्त कामाचं!). नाट्यपदात ही उसंत मिळत नाही. वर्षभर असा गळा तापला की मग एखादं पद मध्येच घालून बघा, मुद्दाम तान कमी असलेलं.

लोकांचं म्हणाल, तर केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या थोर गायिका ज्या मुलखातल्या, तिथला श्रोता कानाचा तिखटच असणार. पण तो हसतो ते ओढून घेतलेल्या तानेला. खालच्या पट्टीत सुराला लागलेल्या अभंगाला आमच्याकडे मान डोलतेच.

घोगरेपणा तीन आठवडे हटला नाही, तर मात्र काढे पीत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि पहिल्या दिवशी साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा, एको बंद कर म्हणून. सभामंडपात आवाज तसाच घुमतो, त्यात एको मिसळला की स्वतःचा सूर ऐकू येत नाही आणि माणूस उगाच ओरडायला लागतो.